सभापती बसतील तिथे सभागृह

विहिरीला कठडा बांधायचा, एवढंच काम होतं. विटा, वाळू, सिमेंट आणि दोन दिवस मोकळा असलेला गवंडी यापलीकडे त्याला काही लागलं नसतं. पैशाचाही प्रश्न नव्हता. लेआउटच्या खात्यात गणपतीची शिल्लक पडून होती. गुणवंतरावांनी मध्ये संविधान आणलं नसतं तर हे काम संक्रांतीच्या आतच उरकलं असतं, असं त्यांच्या पत्नी गिरजाबाई आजही म्हणतात. गुणवंतराव त्यावर चष्मा काढतात, पुसतात आणि परत घालतात.

पळसबाग लेआउट गडचिरोलीत, चामोर्शी रोडला आहे. लेआउट पडण्याआधी तिथे मुखरू भोयरांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, होत्या. मुखरूंनी शेत विकलं, त्याचे प्लॉट झाले, प्लॉटवर मास्तर, कारकून, वनरक्षक, कंपाउंडर अशी निवृत्त आणि निवृत्तीच्या वाटेवरची माणसं घरं बांधून राहिली. मुखरू वारले. त्यांचा मुलगा खुशाल याने एक प्लॉट स्वतःला ठेवला होता, तो तिथेच घर बांधून विम्याचं काम करू लागला. शेतातली विहीर मात्र होती तिथेच राहिली, लेआउटच्या खुल्या जागेत. तिचा काठ जमिनीच्या पातळीला होता आणि सभोवार तरोट्याचं रान माजलेलं. पावसाळ्यात ती दिसत नसे, उन्हाळ्यात दिसे, पण तेव्हा तिच्याकडे पाहायला कोणी घराबाहेर पडत नसे. अशी ती वर्षानुवर्षं कोणाच्या अध्यातमध्यात नव्हती.

तिचा विषय निघाला तो चंचलमुळे. चंचल म्हणजे गुणवंतरावांची नात, त्यांच्या लेकीची, साक्षीची मुलगी. साक्षी भद्रावतीला असते, जावई तिथल्या कारखान्याच्या वसाहतीत. चंचल तीन वर्षांची झाली होती आणि पाय फुटल्यापासून तिला चालताना कोणी पाहिलं नव्हतं, ती धावतच असे. उन्हाळाभर तिला गडचिरोलीला ठेवून घ्यायचं, असं आजीआजोबांच्या मनात होतं. गिरजाबाईंनी तिच्यासाठी बुटकी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. साक्षीने फोनवर शांतपणे सांगितलं की त्या विहिरीला कठडा झाल्याशिवाय ती मुलीला तिथे ठेवणार नाही. हट्ट वगैरे नव्हता तो. दिवाळीत चंचल त्या तरोट्यात शिरली होती आणि साक्षीने तिला वेणीला धरून बाहेर ओढलं होतं. तेव्हापासून साक्षी झोपेत दचकून उठत होती.

गुणवंतराव त्याच संध्याकाळी शेजारच्या बापूरावांकडे गेले. बापूराव तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. कोणतंही काम कसं अडतं हे त्यांना माहीत असल्यामुळे ते कसं अडू द्यायचं नाही हेही माहीत होतं. ते म्हणाले, "सर, परवा प्रफुल गवंड्याले बोलावतो. झालं, मोकळे."

इथे गुणवंतरावांनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "कोणाच्या अधिकारात?"

हा प्रश्न त्यांनी विचारला नसता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्यांनी आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवलं होतं आणि 'शासन आणि संसद : अधिकारांची विभागणी' हा त्यांचा जिवाभावाचा धडा होता. परीक्षेला त्यावर हमखास प्रश्न येई आणि मुलं हमखास तो सोडून देत. चांगला राजा चांगलं काम करतो तेव्हाच त्याला विचारलं पाहिजे, वाईट राजाला विचारून काय उपयोग, असं ते वर्गात सांगत. त्यांचे वडील चुनाभट्टीवर राबले होते, आणि ज्या पुस्तकामुळे आपण खडू हातात धरू शकलो ते पुस्तक देव्हाऱ्यात ठेवायचं नसून वापरायचं असतं, अशी त्यांची श्रद्धा होती. त्या श्रद्धेची थट्टा करण्यात अर्थ नाही. श्रद्धा बरोबर होती, विहीर चुकीची निवडली गेली.

त्यांनी आठवडाभर बसून पळसबागेचं संविधान लिहिलं. त्याचा गाभा असा होता : सगळे प्लॉटधारक मिळून सभागृह. त्यातून निवडलेलं मंडळ म्हणजे सरकार. काम सरकारने करायचं, पण सभागृहाला विचारून. सभागृहाने विचारायचं आणि जाब मागायचा, पण स्वतः कामाला हात लावायचा नाही. निम्मे सभासद हजर असल्याशिवाय सभागृह भरणार नाही. अडीअडचणीला सरकार वटहुकूम काढू शकेल, मात्र पुढच्याच बैठकीत सभागृहाने तो मान्य केला नाही तर तो आपोआप रद्द. आणि या सगळ्यांवर एक सभापती, जो कोणाच्याच बाजूचा नाही.

लोकांनी संविधान टाळ्या वाजवून स्वीकारलं. मसुदा कोणी वाचला नव्हता, पण पोहे चांगले झाले होते. बापूराव मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे सरकारचे प्रमुख झाले. गुणवंतराव सभापती झाले आणि गिरजाबाईंची पूजेची घंटी सभागृहाकडे वर्ग झाली. विरोधी पक्षनेतेपद कोणी मागितलं नव्हतं. ते खुशालने आपणहून घेतलं.

खुशाल गुणवंतरावांचाच विद्यार्थी. बारावीत त्याने राज्यशास्त्र दुसऱ्या खेपेला सोडवलं होतं, पण आता पन्नाशीच्या आत-बाहेर असताना तो धडा त्याला अचानक पाठ झाल्यासारखा दिसू लागला. पहिली बैठक बापूरावांच्या ओसरीवर ठेवली तर त्याने हरकत घेतली की सरकारच्या ओसरीवर सभागृह कसं भरेल. बैठक देवळात ठेवावी तर एकाची हरकत, विहारात ठेवावी तर दुसऱ्याची. शेवटी सभापतींनी गंभीरपणे निर्णय दिला : सभागृहाला स्वतःची जागा नाही, सबब सभापती बसतील तिथे सभागृह. निर्णय लेखी नोंदवला गेला. गुणवंतरावांना तो फार आवडला. त्या रात्री त्यांनी तो गिरजाबाईंना दोनदा ऐकवला.

मग सभापती खुल्या जागेतल्या मोहाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. मार्चची सकाळ होती, मोह गळत होता. प्रश्नोत्तराच्या तासात खुशालने विचारलं की विहीर नेमकी कोणाची आहे याची सरकारने चौकशी केली आहे काय. सरकारने केली नव्हती. तेवढ्यात बाजूच्या पाड्यातल्या बाया टोपल्या घेऊन फुलं वेचायला आल्या आणि सभासदांच्या पायांमधून वेचू लागल्या. त्यांना सभागृहात येण्याचा अधिकार आहे काय, यावर चर्चा झाली. मोहाखाली सभागृहाला येण्याचा अधिकार आहे काय, असं त्यातल्या एका म्हातारीने विचारलं. तो प्रश्न कामकाजातून काढून टाकण्यात आला. मग काही सभासद स्वतःच वाकून फुलं वेचायला लागले आणि गणसंख्या संपली.

विहीर कोणाची, हे शोधायला बापूराव कार्यालयांत हिंडले. एका कार्यालयात कळलं की विहीर जुन्या सातबाऱ्यावर आहे, पण जमीन अकृषक झाल्यावर तो सातबारा बंद झाला. दुसऱ्यात कळलं की खुली जागा ताब्यात घेतली आहे, पण घेताना नकाशावर विहीर दाखवली नसल्याने विहीर ताब्यात घेतलेली नाही. तिसऱ्या खोलीतल्या साहेबांनी विहीर खरोखरच आहे का, असं विचारलं आणि असल्यास तसा दाखला आणायला सांगितलं. दाखला कोण देतो, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. स्वतः बापूरावांनी इतकी वर्षं लोकांना याच तऱ्हेने फिरवलं होतं. आता घरी येऊन ते पायांना तेल लावत बसत, आणि आपण हे काम किती उत्तम करत होतो याची त्यांना नव्याने ओळख पटत गेली.

पुढच्या बैठकांना गणसंख्या झालीच नाही. निम्मे प्लॉटधारक चंद्रपूर-नागपूरला नोकरीत, उरलेल्यांपैकी कोणाचा पंप, कोणाची मालिका, कोणाचा रक्तदाब. इसरू मडावी हे वनरक्षक म्हणून निवृत्त झालेले सभासद. त्यांनी सुचवलं की त्यांच्या धानोरा बाजूच्या गावात मतं मोजतच नाहीत, सगळ्यांचं एकमत होईस्तोवर कोणी उठत नाही. आलेल्या लोकांनी हाही प्रयोग केला. दुपार टळून गेल्यावर चहा हवा यावर एकमत झालं. इसरूभाऊ म्हणाले की गावातली माणसं बसून राहू शकतात. इथल्यांना पेन्शन असून घाई आहे, हे त्यांना समजलं नव्हतं.

उन्हं वाढली. साक्षीने फोनवर एकदा कठड्याचं विचारलं आणि गुणवंतरावांनी तिला गणसंख्येविषयी सविस्तर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "बाबा, म्हणजे झाला नाही ना?"

तेव्हा बापूरावांनी वटहुकूम काढला. विटा आल्या, वाळू आली, प्रफुल गवंडी थापी घेऊन हजर झाला. विहिरीपाशी एक फलकही लागला : 'सावधान, विहीर आहे. आदेशावरून, अध्यक्ष बापूराव.' दुसऱ्या दिवशी सभागृहाची ठरलेली बैठक होती. गणसंख्या झाली नाही, सबब वटहुकूम मान्य झाला नाही, सबब तो रद्द झाला. खुशालने नियम वाचून दाखवला. नियम गुणवंतरावांच्याच अक्षरात होता. विटा आता बेकायदा झाल्या होत्या. त्या लावता येत नव्हत्या, आणि उचलायच्या तर उचलण्याचाही निर्णय घ्यावा लागणार होता. प्रफुलने थापी पिशवीत घातली आणि जाताना म्हणाला की त्याच्या बापाने धरणाच्या भिंतीवर काम केलं होतं, तिथेसुद्धा इतका विचार नव्हता.

त्यानंतर खुशालने सरकारवर अविश्वास ठराव आणला. कठड्यासाठी कधी न आलेले लोक सरकार पाडायला चंद्रपुराहून पहिल्या बसने आले. सभागृह इतकं भरलं की खुर्च्या कमी पडल्या. सरकार पडलं. आता सगळे आहेतच तर कठड्याचंही घेऊन टाका, असं इसरूभाऊ म्हणाले, पण विषयपत्रिकेवर दुसरा विषय नव्हता.

बापूराव काळजीवाहू झाले आणि निवडणूक जाहीर झाली. आणि मग ती गोष्ट घडली जी फक्त पळसबागेतच घडू शकत होती. तिथल्या प्रत्येक माणसाने आयुष्यभर निवडणुकीची ड्युटी केली होती. निवडणूक जाहीर झाली की काय होतं हे त्यांच्या हाडांत मुरलेलं होतं. कोणीही न सांगता, कोणीही न ठरवता, सगळ्यांनी गृहीत धरलं की आचारसंहिता लागली. नवीन कामं बंद. चालू कामं जिथल्या तिथे. आणि पदाधिकाऱ्यांच्या नावाचे सगळे फलक झाकायचे. पळसबागेत नावाचा फलक एकच होता. बापूरावांनी स्वतः, जुन्या सवयीने, पाटावर उभं राहून त्याला वर्तमानपत्र गुंडाळलं आणि सुतळीने नीट बांधलं. 'सावधान, विहीर आहे' हे शब्द बापूरावांच्या नावाबरोबर झाकले गेले.

गुणवंतरावांनी ते पाहिलं. त्यांना काहीतरी खटकलं, पण नियमात चूक सापडेना. उलट सभापती म्हणून त्यांनी आदेश दिला की नवीन सरकार येईस्तोवर विहिरीच्या परिसरात जैसे थे ठेवावं, कोणीही हात लावू नये.

गिरजाबाई तांदूळ निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "विहिरीले कोणी हात लावू नये म्हणता. विहिरीनं कोणाले हात लावू नये, हे तिले कोण सांगीन?"

मे महिन्यात बापूरावांच्या मुलाचं लग्न निघालं. मांडव खुल्या जागेतच पडला, विहिरीपासून जरा लांब. झाडून सारे प्लॉटधारक लग्नाला येणार होते. गुणवंतरावांच्या मनात आलं की गणसंख्या आपसूकच होते आहे, पण मांडवात सभागृह भरवणं त्यांच्या प्रतिष्ठेला पटेना, आणि खुशालला तर मुळीच पटलं नसतं. साक्षीही लग्नाला येणार होती. तिने सांगून ठेवलं होतं की कठडा झालेला दिसला तर चंचल उन्हाळाभर राहील, नाहीतर संध्याकाळी तिला घेऊन परत. बुटकी खुर्ची गिरजाबाईंनी माळ्यावर चढवून टाकली. त्या काही बोलल्या असत्या तर गुणवंतरावांना बरं वाटलं असतं.

हळदीच्या दिवशी इसरूभाऊंनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "सर, कठड्याचं राहू द्या. बोरीच्या काट्या लावून टाका चहूकडून. आमी कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्याले लावतो ना, तश्या. ढोरं येत नाई, लेकरू कायले येते?"

म्हणजे हात लावणं आलं. म्हणजे स्वतःचाच आदेश मोडणं आलं. शिवाय काम करणं हा सरकारचा अधिकार आणि सभापतीने सरकारचा अधिकार वापरणं हा तर त्या सगळ्या धड्याचा खून. गुणवंतरावांनी यावर रात्रभर विचार केला आणि लग्नाच्या दिवशी उजाडता उजाडता ते कुदळीच्या दांड्याला बोरीच्या फांद्या अडकवून, पायजम्यात आणि बंडीत, विहिरीकडे निघाले. जाताना घंटी खिशात होती. का होती, ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही.

काटे माणूस पाहत नाहीत. पहिली फांदी ठेवताना दुसरीने त्यांचा पायजमा धरला. तो सोडवायला ते वाकले, तिसरीने बंडी धरली. ते एक पाऊल मागे सरले. तिथे वाळलेला तरोटा होता आणि तरोट्याखाली जमीन असेल असा त्यांचा समज होता.

काठाची माती त्यांच्यासकट खाली आली. मध्येच उंबराचं एक रोप दगडांतून आडवं वाढलेलं होतं, त्याने त्यांना क्षणभर झेललं, विचार केला आणि सोडून दिलं. मेचं पाणी कमरेइतकं होतं, तळाला गाळ. गुणवंतराव उभे राहिले. हाडं जागेवर होती, चष्मा नाकावर होता. एक फांदी त्यांच्या पाठीला होती तशीच होती. समोरच्या कपारीतून एका बेडकाने त्यांच्याकडे पाहिलं आणि ओळख दाखवली नाही.

त्यांनी घंटी वाजवली. दुसरं काही सुचलं नाही.

लग्नघर जागंच होतं. आधी आचारी आला, मग बापूराव, मग हळदीने माखलेला नवरदेव, मग झाडून सगळे. काठावर डोकी गोळा झाली. दोर आणावा तर दोर सगळा मांडवाला बांधलेला. एक सोडला तर मांडव बसला असता. इसरूभाऊ शिडी आणायला मांडववाल्याच्या गोदामाकडे पळाले. गिरजाबाई आल्या, त्यांनी वरून नवऱ्याला नखशिखांत पाहिलं, जिवाची खात्री करून घेतली आणि मग तोंडाला पदर लावून बाजूला जाऊन बसल्या. त्या रडत होत्या की काय, हे कोणी विचारलं नाही.

गुणवंतराव वर पाहत होते. आभाळाचा गोल तुकडा आणि त्याच्या कडेने तोंडं. सवयीने ते मोजू लागले. निम्म्याहून जास्त होती. इतक्या महिन्यांत विहिरीच्या काठावर पहिल्यांदा गणसंख्या झाली होती. एका कपारीला हात टेकून ते बाहेर आलेल्या दगडावर बसले आणि परत घंटी वाजवली.

"सभागृहाचं कामकाज सुरू होत आहे," ते म्हणाले. विहिरीने ते वाक्य गोल फिरवून भारदस्त करून वर पाठवलं.

बापूरावांनी आधी वर येण्याची विनंती केली. गुणवंतरावांनी सांगितलं की कामकाज चालू असताना सभापतींना आसन सोडता येत नाही. शिडी आली तरी त्यांना ठराव झाल्याशिवाय वर यायचं नव्हतं, हे सगळ्यांना हळूहळू समजत गेलं, आणि मुहूर्ताची वेळ जवळ येत चालली आहे, हेही.

खुशालने हरकतीचा मुद्दा मांडला. सभापती बसतील तिथे सभागृह, असा निर्णय आहे. सभापती विहिरीत बसले आहेत. म्हणजे सभागृह विहिरीत आहे. मग काठावर उभे असलेले सगळे सभागृहाच्या बाहेर आहेत, प्रेक्षक आहेत. गणसंख्या नाही.

गुणवंतरावांनी विचार केला. मुद्दा बरोबर होता. इतका चांगला विद्यार्थी पहिल्या खेपेला नापास कसा झाला, याचं त्यांना नवल वाटलं. "हरकत मान्य," ते म्हणाले. "ज्यांना भाग घ्यायचा असेल त्यांनी सभागृहात यावं."

कोणी हललं नाही. मग खुशालने चपला काढल्या, पँट दुमडली, पश्चिमेच्या अंगाला गेला आणि पाठमोरा होऊन उतरायला लागला. तिथे दगडांत खोबणी होत्या, वरून वाळल्या तरोट्याने झाकलेल्या. तो न बघता एकेका खोबणीत पाऊल ठेवत खाली आला आणि सभापतींच्या शेजारी पाण्यात उभा राहिला.

"विरोधी पक्ष सभागृहात हजर हाये," तो वर पाहून म्हणाला.

मग तो खालच्या आवाजात बोलू लागला. वरच्यांना ते नीट ऐकू गेलं नाही. "हे खोबण्या बाबानं ठेवल्या होत्या, सर. मी आठ वर्षाचा होतो, गाळ काहाडाले उतरत होतो यानंच. हे विहीर बाबानं खोदली. माय दगड वाहत होती."

गुणवंतरावांना मुखरू आठवले. त्यांच्याकडूनच तर प्लॉट घेतला होता. "मग कठड्याला विरोध का करत होतास?"

"कठड्याले माया विरोध कधी होता? तुमी सरकारले इचारलं, सभागृहाले इचारलं, तीन कचेऱ्यांत इचारलं, विहीर कोणाची म्हणून. मी तुमच्या समोरच बसून होतो. मले कोणी इचारलं काय?"

"तू सभासद होतास. तुझं मत होतं."

"मत मोजणं अन् इचारणं येकच हाये काय, सर?"

हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. गुणवंतरावांनी पाठीला अडकलेली बोरीची फांदी सोडवली, ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "खुशाल, तुझ्या बाबांच्या विहिरीला कठडा बांधू का?"

खुशालने तोंड उघडलं. पण गुणवंतराव त्याच्याकडे पाहत नव्हते. ते वर पाहत होते. आभाळाच्या गोलात, जिथून त्यांच्याबरोबर माती कोसळली होती नेमकं तिथे, एक पिवळा फ्रॉक दिसत होता. पहाटेच्या पहिल्या बसने साक्षी आली होती. ती गिरजाबाईंना शोधत मांडवाकडे वळली आणि चंचल तिचा हात सोडून आजोबांच्या आवाजाकडे धावली होती. सगळे लोक काठावर होते आणि सगळे खाली बघत होते. तिच्याकडे कोणीच बघत नव्हतं. ती वाकली. तिच्या पायाखालून थोडी माती सुटली आणि गुणवंतरावांच्या चष्म्यावर पडली.

"पोरगीले धरा!"

हा सभापतींचा आवाज नव्हता. वर्गातलाही नव्हता. चुनाभट्टीच्या धुरात भावंडांना हाक मारणाऱ्या पोराचा होता, आणि विहिरीने तो जसाच्या तसा वर फेकला. बापूराव सर्वांत जवळ होते. त्यांनी विचार न करता, नियम न पाहता, ती मुलगी फ्रॉकला धरून उचलली आणि छातीशी धरून मागे जाऊन खालीच बसले.

चंचल म्हणाली की तिला आबा बघायचे आहेत.

मग खालून खुशालचा आवाज आला. "या विहिरीले आजच्या आज कठडा बांधावा, असा मी ठराव मांडतो. विहीर मुखरू भोयराची हाये, त्याच्या पोराची हरकत नाई."

"अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं," सभापती म्हणाले.

सभागृहातून खुशालने होय म्हटलं. प्रेक्षकांना मत नव्हतं, पण त्यांनीही होय म्हटलं. आवाज विहिरीत उतरला, दगडांवर आपटला आणि दुप्पट होऊन वर आला. मंडपातला सनईवाला दचकून वाजवायचा थांबला.

गुणवंतराव त्याच खोबणींतून वर आले. खुशाल त्यांच्या खाली राहून त्यांचं एकेक पाऊल हाताने जागेवर ठेवत होता. शिडी पोचली तेव्हा ते वर येऊन नातीला मांडीवर घेऊन बसले होते आणि तिच्या फ्रॉकवर चिखलाचे हात उमटले होते. साक्षी शेजारी बसली होती. तिने आपल्या ओढणीने बापाच्या चष्म्यावरची माती पुसली.

प्रफुल गवंडी लग्नाला जेवायला आला होता, त्याला वाढायच्या आधीच उठवलं. विटा होत्याच. त्या दिवशी सरकारने विटा दिल्या, विरोधी पक्षाने माल कालवला, सभापतींनी पाणी मारलं आणि नवरदेवसुद्धा मुंडावळ्या कानामागे सारून दोन विटा लावून मगच बोहल्यावर चढला. अधिकारांची विभागणी कोणालाच आठवली नाही. लग्न मुहूर्त टळल्यावर लागलं. मुलीकडच्यांना कारण सांगण्यात आलं, ते त्यांना अजून पटलेलं नाही. कठड्याला पश्चिमेकडे एक जागा मोकळी सोडली, फळीचं दार लावून. तिथून खोबणी सुरू होतात. त्याची किल्ली खुशालकडे असते.

पुढे निवडणूक झाली, सरकार आलं, फलकावरचा कागद निघाला. पळसबागेच्या संविधानात पहिली दुरुस्तीही झाली. ती खुशालने मांडली आणि एकमताने मंजूर झाली : सभापती बसतील तिथे सभागृह, मात्र सभापतींनी जमिनीच्या पातळीवर बसावं. गुणवंतरावांनी ती स्वतःच्या अक्षरात लिहिली. त्याखाली त्यांनी आणखी एक कलम लिहून ठेवलं आहे, ते अजून सभागृहासमोर आलेलं नाही : मत घेण्याआधी विचारावं.

बुटकी खुर्ची माळ्यावरून खाली आली. चंचल तो उन्हाळा गडचिरोलीलाच राहिली. रोज संध्याकाळी ती ती खुर्ची ओढत कठड्यापाशी न्यायची, तिच्यावर उभी राहायची, हनुवटी विटांवर टेकवायची आणि खाली वाकून जोरात "होय" म्हणायची. विहीरही "होय" म्हणायची. गुणवंतराव मागे उभे असत, तिचा फ्रॉक मुठीत धरून.

"मंजूर," ते म्हणत.